दाणावैरणीची टिपणे

निवृत्त झाल्यावर लोक ज्ञानेश्वरी लावतात. मी युद्धावर लिहिणारा चिनी सुन त्सू लावला. कारण साधे आहे. नोकरीच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत प्रत्येक ट्रेनिंगला कोणीतरी टाय लावून यायचे आणि पडद्यावर सुन त्सूचे एखादे वाक्य दाखवायचे. खाली तलवारीचे चित्र. आम्ही स्टोअरची माणसे शेवटच्या रांगेत समोशाची वाट बघत बसलेलो. एकदा पडद्यावर आले की मित्रांपेक्षा शत्रूला जास्त जवळ ठेवावे. पुढे पुस्तक वाचले तेव्हा कळले की त्यात असे काही नाहीच. ते १९७४ च्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातले आहे. सुन त्सूची प्रकरणे तेरा, एका दुपारी वाचून होतात. त्या टायवाल्याला ती दुपार मिळाली नसावी.

*

मी डावपेच वाचायला बसलो होतो. दुसऱ्याच प्रकरणात खर्चपत्रक निघाले. रथ किती, चिलखते किती, पाहुण्यारावळ्यांचा खर्च, आणि चक्क सरस आणि रंग. रथ-चिलखतांच्या डागडुजीला लागणारा सरस! अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितला जाणारा हा सेनापती सरसाची नोंद धरतो. मी तीस वर्षे साठ्याची बिन कार्डे भरली. पुस्तक मांडीवर ठेवून मनाशी म्हटले, हा आपल्यातला माणूस आहे.

पुढे तो म्हणतो की शत्रूच्या मुलखात मिळवलेली धान्याची एक गाडी घरून आणलेल्या वीस गाड्यांच्या बरोबरीची. का, ते बैलगाडी हाकलेल्याला सांगावे लागत नाही. लांबच्या वाटेवर बैल आणि गाडीवानच गाडीतले खात जातात.

*

युद्धाचे अभिजात ग्रंथ म्हणजे पराक्रमाचे ग्रंथ, ही आपली समजूत. ती न वाचल्यामुळे टिकून आहे. वाचायला घेतले की पाणी, गवत, धान्य, पगार, रस्ते आणि राग आवरणे, हीच पाने जास्त भेटतात. लढाई येते, पण घरात लग्न यावे तशी. दिवस एक, तयारी आणि उधारी वर्षाची.

*

आपल्याकडचा याचा सर्वांत सुंदर नमुना पुस्तक नाही, पत्र आहे. १६७३ साली शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना लिहिलेले. पावसाळा तोंडावर आहे. महाराज सांगतात काय? दाणा आणि गवत आत्ताच मनाला येईल तसे उडवाल, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. सैनिकांना जे हवे ते त्यांनी बाजारातून विकत आणावे. कुणब्याकडून कोणी दाणे, कोणी भाकरी, कोणी भाजी उचलू लागला, तर जीव मुठीत धरून राहिलेली माणसेही गाव सोडतील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्ही वाईट वाटाल.

मग आगीचा विषय. भलत्या जागी चुली नकोत. तंबाखूसाठी विस्तव नेताना वारा बघा. आणि रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, ती गवतात पडेल आणि गंजीच्या गंजी जातील.

राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर असलेला राजा उंदराचा विचार करतो आहे. आग विझवण्याचा बंब दाराशी आहे की नाही हे बघणे माझे रोजचे काम होते. या पत्राची छापील प्रत तेव्हा मिळाली असती, तर मी ती स्टोअरच्या दारावर लावली असती.

*

क्लाऊजेविट्झ जड. आठ भाग, आणि वाक्यात शिरलो की बाहेर पडायला वाट सापडत नाही. त्याचीही एक कहाणी आहे. १८३१ च्या नोव्हेंबरात हा प्रशियाचा सेनाधिकारी कॉलऱ्याने गेला. 'युद्धाविषयी' हे त्याचे हस्तलिखित अपुरे होते. फक्त पहिल्या भागातले पहिले प्रकरण आपल्या मनासारखे झाले आहे, असे त्याने लिहून ठेवले होते. ते कागद लावून, प्रस्तावना लिहून १८३२ पासून छापून घेतले ते त्याच्या बायकोने, मारीने. आज जगातल्या सैनिकी शाळांत हा ग्रंथ शिकवतात. मारीचे नाव क्वचित कोणी घेते.

त्याची एक कल्पना मात्र पाठ करून ठेवावी अशी. तो तिला घर्षण म्हणतो. युद्धात सगळे सोपेच असते, पण त्यातले सोप्यात सोपे काम करणे अवघड होऊन बसते. दाखला देतो तो प्रवाशाचा. संध्याकाळी शेवटचे दोन टप्पे राहिलेत, चांगल्या सडकेवरून चार-पाच तासांचा रस्ता. पहिल्या ठाण्यावर पोचतो तर बदलीचे घोडे नाहीत. पुढे चढ, रस्ता खराब, अंधार. शेवटी कुठेतरी निवारा मिळाला यातच तो आनंद मानतो.

हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. रात्री सव्वानऊला तालुक्याच्या स्टँडवर उभे राहून ज्याने शेवटची एसटी रद्द झाल्याचे ऐकले आहे, त्याने क्लाऊजेविट्झचे हे प्रकरण आधीच वाचलेले आहे.

*

घर्षणाचे माझे टिपण. एका मार्चअखेरीला आमची असेंब्लीची लाइन पाच तास बंद पडली. लाखांची यंत्रे उभी. कारण एक ऑइल सील. माल आला होता, चलन आले होते, पण तपासणीचा शिक्का नसल्याने खोका गेटजवळच्या टेबलाखाली पडला होता. ज्याने शिक्का मारायचा तो लग्नाला गेलेला. चूक माझी. पर्यायी सही कोणाची, हे मी लिहून ठेवले नव्हते. त्या संध्याकाळी साहेबांनी 'स्ट्रॅटेजी रिव्ह्यू' बोलावला. त्यात ऑइल सीलचा शब्द निघाला नाही.

*

२०२२ च्या फेब्रुवारीअखेर कीव्हच्या उत्तरेला रशियन सैन्याच्या वाहनांची सुमारे ६४ किलोमीटर लांब रांग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसली. जगाला वाटले, आता कीव्ह पडणार. रांग दिवसेंदिवस जागेवर. इंधनाची टंचाई, अन्नाची टंचाई, चिखल, आणि वरून युक्रेनच्या तुकड्यांचे हल्ले. मार्चअखेरीस रशियाने त्या भागातून सैन्य मागे घेतले. ड्रोन, उपग्रह, क्षेपणास्त्रे सगळे होते, पण डिझेल वेळेवर नव्हते. दाणावैरण हा शब्द जुना झाला, वस्तू जुनी झालेली नाही.

*

पन्हाळ्याला भर पावसात गेलो. बरोबरचे सगळे सज्जाकोठीकडे आणि मक्याच्या कणसांकडे गेले. मी अंबरखान्यात. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावे. गंगा कोठी सर्वांत मोठी. जाड भिंती, वर घुमटी छत, आणि धान्य वरून ओतायला छतात ठेवलेली भोके. त्या भोकातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्याखाली उभा राहिलो. बाहेर धुक्याने हाताचे बोट दिसत नव्हते. सिद्दी जौहरने १६६० मध्ये या गडाला वेढा घातला तो उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि पावसाळ्यातही तो हटला नाही. पावनखिंड आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या रात्रीपर्यंतचे चार महिने गड कशावर जगला, याचे उत्तर इथे आहे. इथे पोवाडा म्हणायला कोणी येत नाही.

*

याच पन्हाळ्यावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजीराजांपर्यंत इतक्या कारकिर्दी पाहिलेला दुसरा मुत्सद्दी शोधून सापडणार नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचा सगळा कारभार पंतांवर सोपवलेला होता. हुकूमतपनाह ही पदवी त्यातूनच आली. १७१५ च्या सुमाराला, आयुष्याच्या अखेरीस, त्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. राज्य कसे चालवावे याचा मराठीतला हा ग्रंथ. शेवटची दोन प्रकरणे किल्ल्यांवर आणि आरमारावर आहेत.

किल्ल्याचे प्रकरण वाचताना पुन्हा स्टोअर आठवले. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि नेमके तेव्हाच पाणी जास्त लागते. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. दारूखाना घरांच्या जवळ नको. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः जाऊन दारू, बाण बाहेर काढून उन्हात वाळवायचे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवायचे.

हा माणूस औरंगजेबाविरुद्धच्या सत्तावीस वर्षांच्या युद्धातून तावून निघालेला. त्याला सांगायचे काय, तर दारूला ऊन दाखवा. ज्याने वेढे सोसलेत, त्यालाच ही वाक्ये सुचतात.

*

'आज्ञापत्रा'तला टोपीकरांचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांचा, मजकूर. पंत सांगतात, हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत. यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना मुलूख हवा आहे. वखारीला जागा द्यायची तर समुद्रकिनाऱ्याला किंवा खाडीच्या तोंडाला देऊ नका, आत द्या, शहरात इतर लोकांत द्या. हे पुस्तकी शहाणपण नव्हे. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी जौहरला तोफा पुरवल्या होत्या आणि आपले निशाण लावून पन्हाळ्यावर डागल्या होत्या. ज्या गडाने त्या तोफा सोसल्या, त्याच गडाशी पंतांची अखेरची वर्षे बांधलेली.

पंत १७१६ मध्ये वारले. शंभर वर्षांच्या आत-बाहेर, १८१७ मध्ये, टोपीकरांचे निशाण शनिवारवाड्यावर चढले होते. सल्ला बरोबर असणे आणि सल्ला मानला जाणे यांत एवढे अंतर असते.

*

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी चाणक्य येतो. कोणी मेहुणा पाठवतो. त्यातले बरेचसे 'चाणक्यनीती' नावाच्या सुभाषितसंग्रहातले किंवा त्यातलेही नसलेले असते. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' हा वेगळा ग्रंथ आहे. पंधरा अधिकरणे, आणि त्यात वजनमापांपासून जनावरांच्या खाद्यापर्यंत सगळे.

हा ग्रंथ शतकानुशतके नुसत्या उल्लेखांतून ठाऊक होता. १९०५ मध्ये तंजावर भागातल्या एका पंडिताने ताडपत्रावरचे हस्तलिखित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिले. ग्रंथपाल आर. शामशास्त्रींनी ते ओळखले. १९०९ मध्ये संस्कृत संहिता छापली, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर. पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी तिची चिकित्सक आवृत्ती तीन खंडांत सिद्ध केली, १९६० ते १९६५. आज जो कोणी अभ्यासक 'अर्थशास्त्र' गंभीरपणे वाचतो, तो या मराठी प्राध्यापकाच्या खंडांवरून जातो. मेहुण्याला हे कळवले. त्याने अंगठा पाठवला.

*

कौटिल्याला आपण कपटाचा आचार्य करून टाकले. सातव्या अधिकरणात तो काय सांगतो? संधीने आणि विग्रहाने होणारा लाभ सारखाच असेल, तर संधी करावी. कारण विग्रहात क्षय आहे, व्यय आहे, परमुलखात राहणे आहे आणि इतर विघ्ने आहेत. क्षय म्हणजे माणसे आणि वाहनाची जनावरे गमावणे. व्यय म्हणजे पैसा आणि धान्य गमावणे. दोन वेगळी खाती. जमाखर्चात ती मिसळू नयेत म्हणून दोन वेगळे शब्द. नीतीचा, अहिंसेचा उल्लेखही न करता तो तहापाशी पोचतो, नुसती बेरीज करून.

*

पानिपतावर दोन्ही खाती मांडून बघावीत. नोव्हेंबर १७६० ते १४ जानेवारी १७६१ फौजा समोरासमोर. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दुआबातली रसद तुटली. बरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले. १४ जानेवारीला मराठे लढायला निघाले ते उपाशी पोटी. आपला क्षय आपण पिढ्यान्पिढ्या मोजतो आहोत.

पण जिंकणाऱ्याच्या लाभाच्या रकान्यात काय आहे? अब्दालीचे सैनिक थकलेल्या पगारासाठी कुरकुरत होते. दोनेक महिन्यांत तो दिल्ली सोडून परतीच्या वाटेला लागला. दिल्लीचे राज्य त्याला राखता आले नाही. इतिहासकार शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' मी तरुणपणी कोण चुकले ते शोधण्यासाठी वाचले होते. या वर्षी धान्य कुठून येत होते, ते शोधत वाचले. पुस्तक दुसरेच निघाले.

*

नवव्या अधिकरणात कौटिल्य म्हणतो की सारखे नक्षत्र विचारत बसणाऱ्या मूर्खाच्या हातून अर्थ निसटतो. अर्थाचे नक्षत्र अर्थच, तारे काय करणार? सुन त्सूच्या शेवटच्या, हेरांवरच्या प्रकरणात तोच सूर आहे. शत्रूची माहिती देवादिकांकडून मिळत नाही, ती माणसांकडूनच मिळवावी लागते. हिमालयाच्या दोन बाजूंना, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी मुहूर्ताला बाहेरचा रस्ता दाखवलेला.

कौटिल्यावर फार खूश होऊ नये म्हणून चौदावे अधिकरणही वाचावे. तिथे रात्री अंधारात दिसावे म्हणून मांजर, उंट, डुक्कर, घुबड वगैरेंच्या डोळ्यांचे चूर्ण अंजनासारखे घालण्याची कृती दिली आहे. मोठ्या माणसाच्या कपाटातही एक खण असा असतो.

*

एक शंका बरेच दिवस छळते. थोरल्या बाजीरावांनी यातले काय वाचले होते?

१७२८ ची पालखेडची मोहीम. निजामाकडे भारी तोफखाना. बाजीराव समोरासमोर गेलेच नाहीत. खानदेश, गुजरात असे फिरत राहिले, निजामाला पुण्याहून उठायला लावले, धावायला लावले. धावता यावे म्हणून त्याने तोफखाना मागे ठेवला. मग वैजापूरजवळ पालखेडला त्याला अशा जागी कोंडला, जिथे पाणी नव्हते. फेब्रुवारीअखेर निजाम वाटाघाटीला आला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेला गतिमान रणनीतीचा उत्कृष्ट नमुना म्हटले आहे.

न लढता शत्रूला नमवणे हे सुन त्सूच्या लेखी सर्वश्रेष्ठ. पण सुन त्सूचा युरोपीय भाषेतला पहिला अनुवाद, जेझुइट पाद्री आमियो याचा फ्रेंच, पॅरिसला छापला गेला तो १७७२ मध्ये. पालखेडनंतर ४४ वर्षांनी. कौटिल्याचे ताडपत्र सापडायला आणखी १३३ वर्षे होती.

म्हणजे पुस्तकाने सेनापती घडत नाही. मग वाचायचे कशाला? बाजीरावांना गरज नव्हती म्हणून. आपल्याला घोड्यावर बसल्या बसल्या मुलूख वाचता येत नाही. आपल्याला आधी कागद लागतो.

*

जुनी पुस्तके जुनी राहत नाहीत, याचे एक उदाहरण. सुन त्सू आणि त्याचा वंशज म्हणून सांगितला जाणारा सुन बिन हे दोघे खरे की एकच, असा वाद होता. १९७२ मध्ये चीनच्या शांतुंग प्रांतात यिनच्यूशान इथल्या हान काळातल्या थडग्यांत बांबूच्या पट्ट्या सापडल्या. त्यांत दोघांचेही ग्रंथ निघाले, वेगवेगळे. शतकानुशतके हरवलेले सुन बिनचे पुस्तक अभ्यासक्रमात परत आले.

*

या पुस्तकांचा सर्वांत वाईट उपयोग घरात होतो. बांधाच्या वादाला युद्ध म्हटले की भाऊ शत्रू होतो आणि त्याच्या शेतापलीकडचा शेतकरी कौटिल्याच्या मंडल सिद्धांताप्रमाणे मित्र. मग दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या. बांध वीतभर, वकिलाची फी एकरभर. सुन त्सूने बाराव्या प्रकरणात राजाला सांगितलेले आपण विसरतो: रागाच्या भरात युद्ध सुरू करू नये. राग जातो, माणूस पुन्हा हसू लागतो, पण बुडालेले राज्य परत येत नाही आणि मेलेली माणसे उठत नाहीत. राज्याच्या जागी जमीन, सोयरीक, भागीदारी काहीही घाला.

*

फुटकळ.

कौटिल्य मंत्रशक्तीला, म्हणजे विचाराच्या बळाला, उत्साहशक्तीच्या वर ठेवतो. आपल्या सभांमध्ये उलटे असते.

सुन त्सूने हेरांचे पाच प्रकार सांगितले. हाउसिंग सोसायटीत सहावा सापडतो.

कौटिल्याचे विजेते तीन: शरण आला की थांबणारा, जमीन आणि धन घेऊन थांबणारा, आणि बायकामुलांसकट सगळे घेऊनही न थांबणारा. बातम्या बघताना या तिघांतला कोण बोलतो आहे ते ओळखायची सवय लागली आहे.

*

धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, लढाईचे पुस्तक वाचताय ना? मग त्यात लढाई कुठाय?" त्याला उंदराची आणि वातीची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "मग आग लागली?" नाही, म्हटले. पत्र लिहिले होते ना.

*

शेवटचे टिपण झाडांचे. 'आज्ञापत्रा'च्या आरमाराच्या प्रकरणात जहाजांच्या लाकडाची सोय सांगितली आहे. सागासारखी झाडे जंगलातून हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे, पण त्याला हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये.

तीनशे वर्षांपूर्वी, आरमार उभे करण्याच्या घाईत असलेल्या राज्याचा हा लेखी हुकूम आहे. रणनीतीचे कोणतेही पुस्तक उघडाल, तेव्हा तलवारीचे पान नंतर बघा. आधी त्यात असे झाडाचे पान आहे का, ते शोधा. ते नसेल तर पुस्तक मिटून ठेवायला हरकत नाही.